मुख्य की सहायक? : मॅगी स्मिथ यांच्या पुरस्कारांची यादी वाचण्यापूर्वी

पुढच्या पानांवर मॅगी स्मिथ या ब्रिटिश अभिनेत्रीच्या पुरस्कारांची आणि नामांकनांची वर्षवार यादी आहे. सुरुवात १९५८ सालच्या ‘नोव्हेअर टू गो’ या गुन्हेपटापासून होते. त्यासाठी बाफ्टा या ब्रिटिश अकादमीने होतकरू नवोदितांमध्ये त्यांचं नाव घेतलं होतं. शेवटचा मोठा पुरस्कार २०१९ चा आहे, तोही चित्रपटाचा नव्हे, नाटकाचा. मधल्या साठेक वर्षांत दोन ऑस्कर, स्पर्धेतले पाच बाफ्टा, चार एमी आणि एक टोनी. चित्रपट, दूरचित्रवाणी आणि रंगभूमी या तिन्ही ठिकाणचे अनुक्रमे ऑस्कर, एमी आणि टोनी हे सर्वोच्च अमेरिकी पुरस्कार एकाच व्यक्तीने मिळवल्याची उदाहरणं फार थोडी आहेत.

मराठी वाचकाला त्या बहुधा हॅरी पॉटरच्या प्रोफेसर मॅकगोनॅगल म्हणून किंवा ‘डाउनटन ॲबी’मधल्या तिखट जिभेच्या थोरल्या काउंटेस म्हणून ठाऊक असतात. टोकदार टोपी नाहीतर भरजरी पोशाख, ताठ मान, एका वाक्यात समोरच्याचा निकाल. २७ सप्टेंबर २०२४ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी त्या गेल्या, तेव्हा आपल्याकडच्या बहुतेक वर्तमानपत्रांनी याच दोन भूमिकांची छायाचित्रं छापली. त्यात चूक काही नाही. पण ही यादी त्या दोन भूमिकांच्या खूप आधी सुरू होते आणि तिच्यातला मोलाचा ऐवज तिकडे फारसा नाहीच.

पुरस्कारांची यादी हा तसा रटाळ प्रकार. वर्ष, संस्था, कलाकृती, विभाग, निकाल असे पाच रकाने. वाचणारा पहिला आणि शेवटचा रकाना पाहतो नि पुढे जातो. माझी विनंती आहे की मॅगी स्मिथ यांच्या बाबतीत चौथा रकाना, म्हणजे विभागाचा, आधी वाचावा. ‘प्रमुख भूमिका’ की ‘सहायक भूमिका’ या एका प्रश्नावर ऑस्करचे मतदार, बाफ्टाचे मतदार, गोल्डन ग्लोबवाले पत्रकार आणि एमीची मंडळी यांचं या बाईंबद्दल क्वचितच एकमत झालं. एकच भूमिका लॉस एंजेलिसमध्ये सहायक ठरते, लंडनमध्ये प्रमुख. असं एकदा घडलं असतं तर योगायोग म्हणता आला असता. इथे ते पुन्हा पुन्हा घडतं, आणि मला वाटतं, त्यांच्या अभिनयाची जात त्या गोंधळातूनच सगळ्यात चांगली कळते.

१९६५ चं ‘ऑथेल्लो’ घ्या. लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी नव्याने उभ्या केलेल्या नॅशनल थिएटरचं हे गाजलेलं नाटक. त्याचा चित्रपट झाला तो जवळजवळ रंगमंचावरचा प्रयोगच कॅमेऱ्यात उतरवून. चेहऱ्याला काळा रंग फासलेला ऑलिव्हिएंचा ऑथेल्लो आज पाहवत नाही, पण त्या वर्षी चित्रपटातल्या चारही प्रमुख नटांना ऑस्करचं नामांकन मिळालं. ऑलिव्हिए मुख्य अभिनेते. इयागो झालेले फ्रँक फिन्ले मात्र सहायक! ज्याने मूळ नाटक वाचलंय त्याला हसू येईल, कारण त्या नाटकात सगळ्यात जास्त ओळी इयागोच्या तोंडी आहेत, ऑथेल्लोपेक्षाही जास्त. एमिलिया झालेल्या जॉइस रेडमन आणि डेस्डिमोना झालेल्या मॅगी स्मिथ या दोघी एकाच सहायक अभिनेत्रीच्या विभागात एकमेकींसमोर. त्याच डेस्डिमोनासाठी गोल्डन ग्लोबने स्मिथना प्रमुख अभिनेत्रींमध्ये बसवलं होतं. ऑस्कर शेवटी शेली विंटर्स यांना गेलं.

हे ठरवतं कोण? नियम असा नाही की इतकी मिनिटं पडद्यावर दिसलात तर मुख्य, नाहीतर सहायक. ऑस्करमध्ये अभिनय शाखेतला प्रत्येक मतदार स्वतःपुरतं ठरवतो की ही भूमिका कुठल्या विभागात बसते. स्टुडिओ आपल्या जाहिरातींतून त्याचे कान भरतात. जिथे जिंकण्याची शक्यता जास्त तिथे नाव पुढे करायचं, हा तिथला जुना धंदा. मुळात ऑस्करचा सहायक विभागच उशिरा, १९३६ च्या चित्रपटांपासून सुरू झाला, आणि सुरुवातीची काही वर्षं त्यातल्या विजेत्यांना बाहुलीऐवजी नुसती पाटी मिळत असे. दुय्यम म्हणजे किती दुय्यम, हे त्यावरून कळावं.

आता थोडं मागे जाऊ. जन्म १९३४ च्या डिसेंबरचा, लंडनलगतच्या इलफर्डमधला. वडील विकृतिशास्त्रज्ञ; त्यांना ऑक्सफर्डला नोकरी मिळाली म्हणून मुलगी लहानपणीच तिकडे गेली आणि तिथल्या प्लेहाउसमध्ये नाटकाचे धडे गिरवले. पण व्यावसायिक नाव झालं ते रिव्ह्यूमध्ये. रिव्ह्यू म्हणजे गाणी, नकला, छोटे प्रवेश यांची चटपटीत मिसळ. १९५६ मध्ये त्या न्यूयॉर्कला अशाच एका कार्यक्रमात होत्या आणि पुढच्या वर्षी लंडनमध्ये केनेथ विल्यम्स यांच्याबरोबर. वाक्य नेमकं कुठे तोडायचं, मनगट कधी झटकायचं, शब्दातलं कुठलं अक्षर नाकातून ओढायचं, ही सगळी आयुधं तिथली. शोकांतिकेतही ती त्यांनी म्यान केली नाहीत. यादीत मात्र या काळाचा मागमूस नाही. रिव्ह्यूतल्या विनोदाला कोण पुरस्कार देतो?

पुरस्कार आला तो १९६२ मध्ये, पीटर शॅफर यांच्या दोन एकांकिकांसाठी. ‘इव्हनिंग स्टँडर्ड’ या लंडनच्या तेव्हाच्या सायंदैनिकाचे नाट्यपुरस्कार इंग्रजी रंगभूमीवर मानाचे समजले जात. स्मिथना ते एकूण सहा वेळा मिळाले: पहिला विशीत आणि शेवटचा चौऱ्याऐंशीव्या वर्षी. राज्य नाट्य स्पर्धेत रौप्यपदक कुणाला गेलं याची चर्चा चहाच्या टपरीवर करणाऱ्या आपल्या नाटकवेड्या वाचकाला या सहा नोंदी दोन ऑस्करांपेक्षा अधिक बोलक्या वाटतील, असा माझा अंदाज आहे. त्यातला १९७० चा ‘हेडा गाबलर’साठीचा, आणि ते नाटक बसवलं होतं इंगमार बर्गमन यांनी.

पहिलं ऑस्कर ‘द प्राइम ऑफ मिस जीन ब्रोडी’चं. म्युरिएल स्पार्क यांची छोटेखानी कादंबरी १९६१ ची. जे प्रेसन ॲलन यांनी तिचं नाटक केलं. लंडनमध्ये व्हेनेसा रेडग्रेव्ह यांनी ते केलं, ब्रॉडवेवर झोई कॉल्डवेल यांनी टोनी मिळवला, आणि १९६९ चा चित्रपट आला तेव्हा भूमिका गेली तिसरीकडेच. १९३० च्या दशकातलं एडिंबरा, मुलींची शाळा, आणि आपल्या लाडक्या विद्यार्थिनींना कला, प्रेम आणि मुसोलिनी यांचे पाठ एकाच दमात देणारी अविवाहित शिक्षिका. ब्रोडीबाई हास्यास्पद आहेत, मोहक आहेत आणि धोकादायकही आहेत. स्मिथ यांची करामत अशी की या तिन्हींपैकी कुठलीही एक बाजू त्या प्रेक्षकाला पुरती पकडू देत नाहीत. तुम्ही हसत असता आणि हसता हसता लक्षात येतं की या बाईच्या भरीला पडून एक मुलगी जिवाला मुकणार आहे.

इथे विभागाचा वाद नव्हता. बाफ्टा आणि ऑस्कर दोघांनीही मुख्य अभिनेत्री म्हणूनच गौरवलं. ऑस्करच्या शर्यतीत जेन फोंडा, लिझा मिनेली, जीन सिमन्स आणि जनव्हिएव्ह ब्यूजो होत्या. एप्रिल १९७० च्या सोहळ्याला स्मिथ हजर नव्हत्या. त्यांच्या वतीने ॲलिस घोस्टली यांनी बाहुली स्वीकारली. याच चित्रपटात ब्रोडीशी उभा दावा मांडणाऱ्या मुख्याध्यापिकेचं काम करणाऱ्या सेलिया जॉन्सन यांना सहायक अभिनेत्रीचं बाफ्टा मिळालं. त्या दोघींचे मुख्याध्यापिकेच्या खोलीतले प्रवेश ज्याने पाहिले असतील त्याला ते दोन पुरस्कार वेगवेगळे काढता येणार नाहीत.

‘ट्रॅव्हल्स विथ माय आंट’ (१९७२) बद्दल फार लिहीत नाही. भूमिका कॅथरिन हेपबर्न करणार होत्या, ते फिसकटलं. मग तिशीतल्या स्मिथ यांनी म्हातारी मावशी उभी केली. नामांकन मिळालं, हरल्या लिझा मिनेली यांच्याकडून. तीन वर्षांपूर्वीचा हिशेब असा चुकता झाला. चित्रपट मला फाजील वाटतो.

‘कॅलिफोर्निया स्वीट’ (१९७८) मात्र सावकाश सांगण्यासारखं आहे, कारण पुरस्कार या प्रकरणावर इतकं खोचक भाष्य पुरस्काराच्याच इतिहासात दुसरं सापडणार नाही. नील सायमन यांच्या नाटकावरचा हा चित्रपट. बेव्हर्ली हिल्समधल्या एका हॉटेलात उतरलेल्या वेगवेगळ्या लोकांच्या चार गोष्टी त्यात आहेत. त्यांतली एक लंडनहून आलेल्या डायना बॅरी या अभिनेत्रीची. तिला ऑस्करचं नामांकन मिळालं आहे, पहिल्यांदाच. आयुष्यभर थोर नाटकं केली आणि नामांकन मिळालं ते एका फुसक्या विनोदी चित्रपटासाठी, याची तिला लाज वाटते आणि तरी जिंकायची आशाही सुटत नाही. बरोबर नवरा आहे, सिडनी. तो जुन्या वस्तूंचा व्यापारी, सभ्य, प्रेमळ, आणि त्याला पुरुषांची ओढ आहे. मायकेल केन यांनी हा सिडनी फार संयमाने केला आहे. सोहळ्याला जाण्याआधी डायना आरशासमोर आपल्या पोशाखाला शिव्या घालते. पुढच्या प्रवेशात दोघं परत येतात. ती हरली आहे आणि प्यायलेली आहे. त्यानंतर जे होतं ते विनोदी प्रसंगाच्या चौकटीत राहूनच एका लग्नाची उलटतपासणी करतं. आधी विनोद, मग डंख, मग विनवणी, आणि या तिन्हींच्या मध्ये स्मिथ श्वासाइतकंही अंतर ठेवत नाहीत.

या भूमिकेसाठी, म्हणजे ऑस्कर हरणाऱ्या नटीच्या भूमिकेसाठी, ९ एप्रिल १९७९ रोजी मॅगी स्मिथ यांना ऑस्कर मिळालं. चार गोष्टींपैकी एकच त्यांची, म्हणून विभाग सहायक अभिनेत्रीचा. प्रमुख आणि सहायक अशी दोन्ही ऑस्करं मिळवणाऱ्या त्या हेलन हेज आणि इन्ग्रिड बर्गमन यांच्यानंतरच्या तिसऱ्या अभिनेत्री. त्या रात्री हरलेल्यांमध्ये ‘द डिअर हंटर’साठी आयुष्यातलं पहिलं नामांकन मिळालेल्या मेरिल स्ट्रीप होत्या. पण गोल्डन ग्लोबने डायना बॅरीला सहायक मानलं नाही. विनोदी वा सांगीतिक चित्रपटातल्या मुख्य अभिनेत्रीचा पुरस्कार त्यांनी स्मिथ आणि एलन बर्स्टिन यांना विभागून दिला. आणि बाफ्टाने? त्यांनी स्मिथ आणि स्ट्रीप दोघींनाही मुख्य अभिनेत्रींच्या यादीत घेतलं, तिथे दोघीही जेन फोंडा यांच्याकडून हरल्या. म्हणजे अमेरिकेत ज्या दोन भूमिका सहायक म्हणून झुंजल्या, त्याच अटलांटिक ओलांडल्यावर मुख्य झाल्या. पडद्यावरची मिनिटं तेवढीच राहिली.

‘अ रूम विथ अ व्ह्यू’ने तर कळस केला. इ. एम. फॉर्स्टर यांच्या कादंबरीवरच्या या चित्रपटामागे मुंबईचा माणूस होता. निर्माते इस्माइल मर्चंट यांचा जन्म मुंबईचा, शिक्षण सेंट झेवियर्समध्ये. दिग्दर्शक जेम्स आयव्हरी आणि त्या काळापर्यंत पंचवीसेक वर्षं दिल्लीत काढून न्यूयॉर्कला गेलेल्या लेखिका रूथ प्रॉवर झाबवाला हे त्यांचे कायमचे साथीदार. स्मिथ यांनी या त्रिकुटाबरोबर आधी १९८१ चा ‘क्वार्टेट’ केला होता आणि बाफ्टाचं नामांकन मिळवलं होतं. आता त्या झाल्या शार्लट बार्टलेट: तरुण लूसीला फ्लॉरेन्स दाखवायला घेऊन गेलेली, पाखर घालणारी, सतत स्वतःला कमी लेखत इतरांना कानकोंडं करणारी गरीब नात्यातली बहीण. कथेची नायिका लूसी आहे, ती झाली हेलेना बोनहॅम कार्टर. पण शार्लट जे लपवते आणि शेवटी जे होऊ देते, त्यावर कथा फिरते. ऑस्करने आणि गोल्डन ग्लोबने तिला सहायकांमध्ये ठेवलं. ग्लोब मिळाला, ऑस्कर डायन वीस्ट यांना गेलं. बाफ्टाने स्मिथना थेट मुख्य अभिनेत्रीचा पुरस्कार दिला आणि सहायक अभिनेत्रीचा दिला त्याच चित्रपटातल्या जूडी डेंच यांना. झाबवालांना पटकथेचं ऑस्कर मिळालं.

थोडं आधीचं एक उदाहरण जोडून ठेवतो, म्हणजे हा नुसता स्मिथ यांचा अपवाद नाही हे दिसेल. डेव्हिड लीन यांच्या ‘अ पॅसेज टू इंडिया’मध्ये मिसेस मूर झालेल्या पेगी ॲशक्रॉफ्ट यांना हॉलिवूडने सहायक म्हणून ऑस्कर दिलं होतं, लंडनने मुख्य म्हणून बाफ्टा. ज्या देशातले मतदार नाटकाच्या प्रेक्षागृहात वाढले तिथे भूमिकेची लांबी मोजली जात नाही, प्रयोगाचा तोल कुणाच्या खांद्यावर होता ते पाहिलं जातं, असा माझा कयास. हॉलिवूडमध्ये पोस्टरवर नाव कुठे आहे यावरून बरंच ठरतं. आणि पन्नाशीतल्या अविवाहित बाईचं नाव पोस्टरवर सगळ्यात वर जाण्याचे दिवस अजून तरी तिकडे उजाडायचे होते.

१९८४ ते १९८८ या पाच वर्षांत बाफ्टाने मॅगी स्मिथना मुख्य अभिनेत्री म्हणून तीनदा गौरवलं. वय पन्नास ते चौपन्न. यादीतला हा पट्टा बोट ठेवून पाहावा. पहिला ‘अ प्रायव्हेट फंक्शन’. लेखक ॲलन बेनेट. साल १९४७, युद्ध संपलं तरी रेशन संपलेलं नाही. यॉर्कशरमधल्या एका गावात राजकन्येच्या लग्नानिमित्त मेजवानी करण्यासाठी प्रतिष्ठित मंडळी चोरून एक डुक्कर पाळत आहेत, आणि पायांची कुरुपं काढणाऱ्या एका गरीब बिचाऱ्या माणसाची महत्त्वाकांक्षी बायको ते डुक्कर पळवायला नवऱ्याला भाग पाडते. दुसरा शार्लट बार्टलेटचा. तिसरा ‘द लोनली पॅशन ऑफ जूडिथ हर्न’चा. डब्लिनमधली एकाकी, धर्मभीरू पियानो शिक्षिका, गुपचूप दारू पिणारी, घरमालकिणीच्या भावाच्या दोन गोड शब्दांवर भविष्य बांधणारी. इथे विनोदाची ढाल पूर्ण बाजूला ठेवलेली आहे. मला हे त्यांचं पडद्यावरचं सर्वोच्च काम वाटतं. ऑस्करचं त्यासाठी साधं नामांकनही नाही.

म्हणजे यादीत काय नाही हेही यादीइतकंच वाचावं लागतं. १९७६ ते १९८० च्या दरम्यान त्या वारंवार कॅनडात, ऑन्टारिओतल्या स्ट्रॅटफर्डच्या नाट्यमहोत्सवात काम करत होत्या. लंडनच्या टीकाकारांनी त्यांच्या हावभावांना ‘ठरीव’ म्हणायला सुरुवात केली होती. तिकडे रॉबिन फिलिप्स यांच्या हाताखाली त्यांनी एकामागून एक शेक्सपिअर आणि कॉन्ग्रीव्ह केले आणि ती वळणं घासूनपुसून घेतली. १९८४ नंतरची सुगी त्या पेरणीची आहे. यादीत मात्र त्या वर्षांपुढे ‘कॅलिफोर्निया स्वीट’सारखी चित्रपटांचीच नावं दिसतील.

दुसरी गैरहजेरी अधिक मजेची. ज्या लॉरेन्स ऑलिव्हिएंच्या कंपनीत त्या घडल्या, ज्यांच्यासमोर डेस्डिमोना म्हणून उभ्या राहिल्या, त्यांच्या नावाने लंडनच्या रंगभूमीचा सर्वोच्च पुरस्कार दिला जातो. त्याची नामांकनं अनेक, पण स्पर्धेत जिंकून तो मॅगी स्मिथना कधीच मिळाला नाही. शेवटी २०१० मध्ये विशेष पुरस्कार देऊन संयोजकांनी सारवासारव केली. न्यूयॉर्कने असं केलं नाही. ‘प्रायव्हेट लाइव्ह्ज’ आणि ‘नाइट अँड डे’ची नामांकनं हुकल्यावर १९९० मध्ये ‘लेटिस अँड लव्हेज’साठी टोनी मिळाला. हे नाटक पीटर शॅफर यांनी त्यांच्यासाठीच लिहिलं होतं: एका कंटाळवाण्या जुन्या वाड्यात पर्यटकांना इतिहास सांगणारी गाइड, जी रोज त्या इतिहासाला थोडी फोडणी घालते आणि नोकरी घालवून बसते. जोडीला मार्गारेट टायझॅक होत्या. त्यांनाही टोनी मिळाला.

नुसत्या नामांकनाची एक नोंद ठळक करावीशी वाटते. ॲलन बेनेट यांच्या ‘टॉकिंग हेड्स’ या बीबीसीच्या मालिकेत एकेका पात्राची दीर्घ स्वगतं होती. १९८८ चं ‘बेड अमंग द लेंटिल्स’ स्मिथ यांचं. पाद्र्याची बायको, नवऱ्याच्या देवावर विश्वास नाही, दारूचं व्यसन. लीड्समधल्या भारतीय किराणा दुकानदाराशी, रमेशशी तिचे संबंध जुळतात आणि तिला पहिल्यांदा कुणीतरी माणसासारखं वागवतं. कॅमेरा जवळजवळ हलत नाही, हातवारे नाहीत, आवाज एका पट्टीच्या वर जात नाही. टीकाकारांच्या ‘ठरीव’ या शेऱ्याला याहून मुद्देसूद उत्तर नव्हतं. बाफ्टाचा दूरचित्रवाणी पुरस्कार त्या वर्षी याच मालिकेतल्या थोरा हर्ड यांना गेला. हा निकाल मला मान्य आहे, पण त्यासाठी दोन्ही स्वगतं पाहावी लागतात.

यादी आडवी न वाचता तिरकी वाचली की आणखी एक धागा सापडतो. तो कुठल्याही संस्थेने मुद्दाम विणलेला नाही. १९६९ चं बाफ्टा मुसोलिनीवर भाळलेल्या शिक्षिकेसाठी. तीस वर्षांनी, १९९९ चं सहायक अभिनेत्रीचं बाफ्टा दिग्दर्शक झेफिरेली यांच्या ‘टी विथ मुसोलिनी’साठी. तिथे त्या फ्लॉरेन्समध्ये राहणाऱ्या इंग्रज राजदूताच्या विधवा आहेत, लेडी हेस्टर. मुसोलिनीने आपल्याला चहाला बोलावलं, आपल्या संरक्षणाची हमी दिली, या भ्रमात त्या शत्रुराष्ट्राच्या नागरिक म्हणून नजरकैदेत पडेपर्यंत राहतात. आणखी वीस वर्षांनी, २०१९ मध्ये, लंडनच्या ब्रिज थिएटरमध्ये ‘अ जर्मन लाइफ’. क्रिस्टोफर हॅम्प्टन यांनी ब्रुनहिल्ड पोमसेल या बाईच्या जबानीवरून रचलेला एकपात्री प्रयोग. पोमसेल या गोबेल्सच्या कचेरीतल्या टंकलेखिका, २०१७ मध्ये १०६ व्या वर्षी वारल्या. बारा वर्षांनी रंगमंचावर परतलेल्या, चौऱ्याऐंशी वर्षांच्या स्मिथ खुर्चीत बसून एकट्याने तो सगळा प्रयोग करत. सहावा ‘इव्हनिंग स्टँडर्ड’ त्याचा. ब्रोडी कल्पनेत रमते, हेस्टर शिष्टाचारात, पोमसेल ‘मला काही ठाऊक नव्हतं’ यात. तिघीही हुशार आहेत, तिघींचं बोलणं ऐकत राहावंसं वाटतं. हुकूमशाहीकडे आदराने पाहणारी सुसंस्कृत बाई या एकाच विषयावर इतका दीर्घ अभ्यास दुसऱ्या कुणा नटीच्या नावावर मला तरी माहीत नाही.

शेवटच्या पर्वाबद्दल थोडक्यात. रॉबर्ट ऑल्टमन यांच्या ‘गॉसफर्ड पार्क’मधल्या (२००१) खडूस काउंटेसने सहावं आणि शेवटचं ऑस्कर नामांकन दिलं. त्याचे लेखक जूलियन फेलोज यांनी पुढे ‘डाउनटन ॲबी’ लिहिली आणि तिथल्या व्हायलेट क्रॉलीमध्ये त्या काउंटेसची नातलग सहज ओळखू येते. इथेही विभागांची गंमत आहेच. २०११ मध्ये ही मालिका एमीसाठी लघुमालिका होती, पुढच्या वर्षी नाट्यमालिका झाली. व्हायलेट तीच, झगेही तेच, पण स्मिथना एका भूमिकेसाठी दोन वेगळ्या विभागांत एमी मिळाली. तिसरी २०१६ मध्ये. त्याआधी ‘माय हाउस इन अंब्रिया’साठीची २००३ ची धरून चार. एमीच्या सोहळ्याला त्या फिरकत नसत. २०१६ च्या रात्री सूत्रसंचालक जिमी किमेल यांनी जाहीर केलं की आता ही बाहुली टपालाने पाठवणार नाही, हवी असेल तर हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवरून घेऊन जावी. डाउनटनने त्यांना जी जगभरची प्रसिद्धी दिली तिचा त्यांना त्रासच झाला, हे त्यांनी मुलाखतींतून लपवलं नाही. भाजी आणायलाही निवांत जाता येत नाही, अशा धाटणीची ती तक्रार होती.

यादी वापरण्यासंबंधी दोनतीन खुलासे. चित्रपटाचं वर्ष, पुरस्काराचं वर्ष आणि सोहळ्याची तारीख या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. १९६९ च्या ब्रोडीचं ऑस्कर १९७० मध्ये हातात पडलं, आणि ‘अ रूम विथ अ व्ह्यू’ ब्रिटनमध्ये १९८५ च्या अखेरीला लागूनही त्याचे सोहळे १९८७ मधले आहेत. इथे सर्वत्र पुरस्काराचं वर्ष धरलं आहे. ‘क्वार्टेट’ नावाचे दोन चित्रपट दिसतील. १९८१ चा मर्चंट-आयव्हरींचा वेगळा, आणि २०१२ चा, डस्टिन हॉफमन यांनी दिग्दर्शित केलेला, निवृत्त गायकांच्या वृद्धाश्रमाचा वेगळा. दोन्हींपुढे नामांकन आहे, त्यामुळे घोटाळा होतो. १९७० ची सीबीई, १९९० ची ‘डेम’ ही पदवी आणि २०१४ चा ‘कम्पॅनियन ऑफ ऑनर’ हे राजघराण्याचे सन्मान स्पर्धेतले नसल्याने शेवटी स्वतंत्र दिले आहेत. तसंच बाफ्टाचं १९९६ चं मानद सदस्यत्व.

ज्यांनी यातलं काहीच पाहिलेलं नाही त्यांनी सुरुवात ऑस्करच्या ओळींपासून करू नये. आधी ‘अ प्रायव्हेट फंक्शन’ पाहावा, मग जूडिथ हर्न, मग ब्रोडी. राजस्थानात चित्रित झालेला ‘द बेस्ट एक्झॉटिक मेरिगोल्ड हॉटेल’ एखाद्या रविवारी दुपारी चालून जाईल. ‘कॅलिफोर्निया स्वीट’मधली लंडनच्या नवराबायकोची तेवढी गोष्ट पाहिली तरी पुरे, बाकीच्या तीन यथातथाच आहेत.